अजून रेटू?

आधीच सांगून ठेवते. मी नर्स आहे. मोठ्या हॉस्पिटलात, पुरुष वॉर्डात.

माणसं जाताना मी रोज बघते. त्यांचे डोळे मिटते, नळ्या काढते, हात धुते आणि डबा खायला बसते. त्यामुळे "तुला भास झाला असेल गं" हे सांगायला कृपा करून कुणी येऊ नका. आधीच डोकं फिरलेलं आहे.

इथे या ग्रुपवर बहुतेक सगळ्यांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. सुनसान रस्ता, लिफ्ट मागणारी बाई वगैरे. माझी तशी नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. खालच्या मजल्यावरच्यांचा रेडिओ बोंबलत असताना.

जागा म्हणजे आई-बाबांचं घर. दुसरा मजला, मागची खोली. जिथे मी आत्ता बसले आहे.

पटलं तर ठीक, नाही पटलं तर सोडून द्या. फक्त खोटं म्हणू नका.

सुरुवात दादापासून करावी लागेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिवसभर कुरियरच्या गोदामात नोकरी, आणि घरी आला की मागच्या खोलीत. तिथे त्याचा कारखाना. टेबलभर स्क्रू ड्रायव्हर, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, भिंतीला टांगलेल्या वायरी, आणि गरम धुळीचा एक वास. लग्न केलं नाही. "बायको आली की पहिल्याच दिवशी म्हणेल, हा पसारा उचला," असं कारण द्यायचा.

आमच्या अख्ख्या गोतावळ्यातले कॉम्प्युटर दादाच्या हातचे. सुटे भाग आणायचे आणि घरी जोडायचे. कुणी दुकानातून तयार उचलून आणला, तर हा फुगून बसायचा. मामाने नवा प्रोसेसर घेतला की मामाचा जुना मावशीकडे, मावशीचा माझ्याकडे. थोरल्याचे कपडे धाकट्याला, तशातला प्रकार. मी कायम उतरंडीच्या तळाला.

पण नुसतं जोडून त्याचं समाधान व्हायचं नाही. तो ते रेटायचा.

ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. दादाने मला समजावलं होतं ते असं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं काळीज. कारखानेवाले त्याला एक वेग ठरवून देतात. "कारखानेवाले भित्रे असतात गं. जीव असतो त्याच्यात अजून." मग दादा वेग एक पायरी वाढवायचा आणि टेस्ट लावायचा. टेस्ट म्हणजे प्रोसेसरला ऊर फुटेस्तोवर पळवायचं. टिकला, तर अजून एक पायरी. मग अजून एक.

पडेपर्यंत.

पडला, म्हणजे सगळं धाडकन बंद झालं, की एक पायरी मागे. तिथे ठेवायचं. त्याच्या पुढे त्या प्रोसेसरमध्ये जीव नाही, हे पडल्याशिवाय कळत नाही. दादाची पद्धत ही.

त्यात त्याचा एक नियम होता. स्वतःच्या मर्जीने एक पायरीसुद्धा वाढवायचा नाही. ज्याचं मशीन, त्याला शेजारी स्टुलावर बसवायचा. एक टेस्ट पास झाली की हात मांडीवर ठेवायचा, खुर्ची कुरकुरेपर्यंत मागे टेकायचा आणि विचारायचा, "अजून रेटू?"

मावशी पहिल्याच झटक्यात, "पुरे रे बाबा, जळेल बिळेल!" मामा म्हणजे, "रेट रेट, होऊ दे खर्च!" मशीन एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की नव्या माणसाला पुन्हा स्टुलावर बसवायचं, पुन्हा विचारायचं.

"ज्याचं मशीन, त्याचा शब्द," म्हणायचा.

आणि टेस्ट चालू असताना मशीन बंद करायचं नाही. एकदा मी इस्त्रीसाठी प्लग काढला होता. "ठमेऽऽ!" म्हणून असा किंचाळला, की शेजारीण पळत आली.

शेवटचं मशीन त्याने आईसाठी जोडलं.

आमची आई बुद्धिबळ खेळते. म्हणजे खेळायची. साधीसुधी नाही. बाबा, मामा, शेजारचे मास्तर, सगळ्यांना तिने हरवून सोडलेलं. मग ती कॉम्प्युटरशी खेळायला लागली, आणि हरायला लागली. हरलेला डाव ती दिवसचे दिवस उकरत बसायची. कुठे चुकलं, काय करता आलं असतं. जुना कॉम्प्युटर एकेका खेळीला रडायचा. दादा म्हणाला, "थांब, तुला असा राक्षस जोडून देतो ना..."

जोडला. कॅबिनेटची एक बाजू उघडीच होती. रविवारी सकाळी त्याने पहिली टेस्ट लावली आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भारी पेस्टची ट्यूब आणायला खाली उतरला.

रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं. जागच्या जागी.

आम्ही त्याला घेऊन गेलो, पोचवून आलो. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं.

मागच्या खोलीत टेस्ट चालूच होती...

ती बंद करायला कुणाचाच हात धजावला नाही. आई म्हणाली, "त्याने लावून ठेवलंय ना. राहू दे." लोक गेलेल्या माणसाचा चष्मा ठेवतात, घड्याळ ठेवतात. आम्ही दादाची टेस्ट ठेवली. मशीनच्या पंख्याचा घरघर आवाज दारातून यायचा, आणि क्षणभर वाटायचं, आत आहे तो.

चूक म्हणाल तर हीच. पण तुम्हीसुद्धा हेच केलं असतं.

दादा गेला आणि बाबांनी अंथरूण धरलं.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. हाडापेराने मजबूत गडी. तो माणूस बघता बघता वाळला. जेवण सोडलं. बोलणं सोडलं. मी नाडी बघायचे तर बोटाला लागायची नाही, इतकी मंद. डॉक्टर घरी येऊन गेले. दाराबाहेर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगू? हृदय थकलंय, आणि त्यांचं मनही नाही. आता आठवड्यांचा हिशेब आहे."

मी जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसून ड्युटीवर गेले. दुसरं काय करणार होते?

त्यानंतरचा रविवार. दुपारी मी डबा घेऊन घरी गेले. पलंग रिकामा.

मी डबा दारातच ठेवला.

"आई! बाबा कुठायत?"

"मागच्या खोलीत." आई ओट्यापाशी होती. आवाजात काहीतरी होतं. काय ते मला तेव्हा कळलं नाही.

बाबा दादाच्या टेबलापाशी स्टुलावर बसले होते. ताठ. एक हात कॅबिनेटवर. गालांवर रंग.

"आलीस? काय आणलंयस? भूक लागली आहे."

भूक लागली आहे! मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. नाडी पाहिली. ठणठणीत. मी म्हटलं, "बाबा, ही काय जादू?" ते हसले. खांदे उडवले. पोटभर जेवले.

मी म्हटलं, "अहो, त्या स्टुलावर पाठ अवघडेल. खुर्चीवर बसा की."

"नको."

"का?"

बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"असू दे गं..." म्हणाले.

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. इतका आनंद झाला होता. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "चमत्कार म्हण आणि गप्प बस." मी गप्प बसले.

पुढच्या वेळी गेले, तर बाबा खाली जाऊन भाजी घेऊन आले होते. त्याच्या पुढच्या वेळी शेजाऱ्यांचा नळ दुरुस्त करत होते. नंतर एकदा पाण्याचा भरलेला ड्रम एकट्याने जिन्यावरून वर आणला. आजूबाजूचे बघत राहिले. आई दारात उभी राहून बघत होती. कौतुकाने.

पण मी नर्स आहे. मला काही गोष्टी खुपायला लागल्या.

ड्रम वर आणला आणि बाबांना धाप लागली नव्हती. अजिबात नाही.

तळहात तापलेले. थर्मामीटर लावला तर ताप नाही. पण हात धरवत नव्हता.

आणि झोप. "लागते की," बाबा म्हणायचे. "थोडी." दर वेळी आधीपेक्षा थोडी कमी.

एका दुपारी ते अंघोळीला गेले असताना मी मागच्या खोलीत शिरले. पंखा केवढ्याने ओरडत होता! स्क्रीनवर टेस्टची छोटी खिडकी उघडी होती. तिथे वेग दिसतो. दादाने लावला तेव्हाचा वेग मला पाठ होता, कारण त्या सकाळी फोनवर त्याने तो मला तीनदा ऐकवला होता. पोराचे मार्क सांगावेत तसा.

आता आकडा तो नव्हता...

बराच वर गेला होता.

मी आईला विचारलं, "मशीनला कोण हात लावतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बाबा लावतात?"

"त्यांना चालू कुठे होतं तेसुद्धा माहीत नाही." आणि पोळपाट धुवायला लागली. धुतलेलाच.

बाबा आले, स्टुलावर बसले. मी सहज म्हणून त्यांचं मनगट धरलं. पंखा घोंघावत होता. नाडी जोरात, भरभर.

मग पंख्याचा आवाज जरा उतरला...

माझ्या बोटांखाली नाडी उतरली.

पंखा चढला... नाडी चढली.

मी म्हटलं, योगायोग. "बाबा, जरा बाहेर चला." त्यांना जिन्यापर्यंत आणलं. दारं सगळी उघडी, पंख्याचा आवाज तिथपर्यंत पुसट येत होता. मनगट धरून उभी राहिले. आवाज चढला की नाडी चढत होती. उतरला की उतरत होती. बाबांना खाली बाकावर पाठवलं आणि मी वर खिडकीत उभी राहिले. आत पंखा एकदम चढला...

खाली बाबांनी छातीवर हात ठेवला.

मी खिडकीतून मागे सरले.

मला दादाची पद्धत माहीत होती ना. पायरी, टेस्ट. पायरी, टेस्ट. पडेपर्यंत.

मी सरळ आत गेले आणि माउस धरला. वेग खाली आणायचा होता. फक्त एकच पायरी. मी क्लिक केलं...

आणि मागे धप्पकन आवाज झाला. बाबा तेवढ्यात वर आले होते. दाराच्या चौकटीला धरून ते गुडघ्यांवर बसले होते. चेहरा पांढराफटक.

"हात काढ!"

आई. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिने येऊन माझं मनगट ओढलं. आकडा आपोआप वर चढला. बाबा उठले, गुडघे झटकले. "घसरलो वाटतं," म्हणाले.

मी आईला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं.

"तुला माहीत होतं."

आईने ओट्यावरचं फडकं उचललं.

"आई, तोंडातून शब्द काढ. तुला माहीत होतं!"

"ओरडू नकोस. ते ऐकतील."

मग ती ओट्याला टेकली आणि हळू आवाजात सांगायला लागली. डॉक्टर येऊन गेले त्या दुपारी ती मागच्या खोलीत जाऊन बसली होती. स्टुलावर. रडत होती. दादाचा राग काढत होती. "एवढी सगळ्यांची मशीनं नीट केलीस, आणि बापाला असं टाकून गेलास?"

"आणि पंखा थांबला," आई म्हणाली. "सगळं चालू. दिवे, स्क्रीन. फक्त पंखा थांबला... आणि खुर्ची कुरकुरली. मागे टेकल्यावर कुरकुरते तशी."

तिने हातातलं फडकं पिळलं.

"तुझे बाबा पलंगावर होते. खोलीत मी एकटी. मला कळलं गं. तो विचारत होता."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, रेट."

पंखा सुरू झाला आणि पलंगावरून बाबांनी पाणी मागितलं. कित्येक दिवसांनी पहिला शब्द. त्या दिवसापासून रोज दुपारी पंखा थांबतो. खुर्ची कुरकुरते. आणि आई म्हणते, रेट.

"आई, अगं, तो पडेपर्यंत रेटतो! तुला माहीत नाही का? पडल्याशिवाय त्याला कळतच नाही कुठे थांबायचं!"

आईने माझ्याकडे पाहिलं. डाव पाहावा तसं, थंडपणे.

"पडलं तर एक पायरी मागे घेतो तो. माझा मुलगा आहे. कामात कधी चुकला नाही."

"ते मशीन असतं आई! हा माणूस आहे!"

"माणूसच होता. आठवडे राहिले होते त्याचे. तुझ्या डॉक्टरने सांगितलेलं ना? मग तुझं काय म्हणणं आहे, मी हात बांधून बसू? मुलगा गेला, आता नवराही जाऊ देऊ?"

मी तिच्या पायाशी बसले, विनवलं, "आई, आज तरी पुरे म्हण. बाबा छान आहेत. इथेच थांबव. फक्त पुरे म्हण."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं," म्हणाली. "बघू."

आणि तेवढ्यात...

पंखा थांबला.

खालचा रेडिओ एकदम स्वच्छ ऐकू यायला लागला. मी दार उघडून मागच्या खोलीकडे धावले, पण तोवर माझ्या मागे आई बोलून गेली होती. तोंडातल्या तोंडात. सवयीने म्हणा, हावरेपणाने म्हणा.

"रेट."

पंखा असा किंचाळला, की टेबलावरचे स्क्रू थरथरले. आणि मग सगळं बंद. पंखा, दिवे, स्क्रीन.

बाबा स्टुलावरून खाली.

मी नाडी पाहिली. मानेला, मनगटाला. नव्हती. श्वास नव्हता. डोळे उघडे. मी त्यांची छाती दाबायला लागले. हे मी शेकडो लोकांना केलंय. कोण परत येतं आणि कोण नाही, हे हाताला आधी कळतं. माझ्या हाताला कळलं होतं.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलव! आई!"

आईने फोन उचलला नाही. ती मशीनसमोर उभी होती. अगदी शांत.

"पडलं ते, बाळा," ती म्हणाली. "आता एक पायरी मागे घे."

"आई, वेडी झालीस का? फोन कर!"

"घे बाळा मागे. पुरे आता. पुरे."

मी स्वतःच एका हाताने फोन लावला. दाबत राहिले. घामाने डोळे चुरचुरत होते. मी रडत होते, शिव्या देत होते. आईला, दादाला, त्या डब्याला.

बीप...

एकच, बारीक. पंखा हळूच फिरायला लागला.

बाबांनी माझं मनगट धरलं. "अगं, दुखतंय," म्हणाले. "दाबतेस काय अशी?"

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना दार बाबांनी उघडलं.

सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, "तरुणाला लाजवेल." माझ्याकडे बघून हसले. मी नर्स असून घाबरले, असं त्यांना वाटलं असणार.

आई "पुरे" म्हणाली होती. त्यामुळे पंखा पुन्हा थांबला नाही. एका सुरात चालू राहिला. आकडा हलला नाही. टेस्ट पास.

आणि बाबा झोपायचे बंद झाले.

कमी झोपायचे नाही. बंद. पलंगावर आडवं व्हायचे, डोळे मिटायचे, तसेच पडून राहायचे. गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. काही नाही. सगळं घर झोपलं की हा माणूस भिंतीकडे बघत बसलेला. सकाळी ताजातवाना. पायऱ्या धडाधडा चढायचे. दम नाही, घाम नाही. तळहात तापलेले.

आईने वायरमन बोलावून घरात बॅटऱ्या बसवून घेतल्या. वीज गेली तर? वायरमन म्हणाला, "मावशी, एवढ्या कशाला?" आई म्हणाली, "कामाचं मशीन आहे." नंतर तिने दुसरा जोडही घेतला. पहिला बिघडला तर असावा म्हणून. आणि ती स्वतः जागायची. पंख्याचा सूर बदलतोय का, ऐकत. बाबांना झोप नाही, आणि त्यांच्यापायी हिला नाही. डोळ्यांखाली काळं झालं. पण नवरा समोर चालत-फिरत होता ना. तिचं एवढंच म्हणणं.

एकदा भाजी निवडताना बाबा मला म्हणाले, "दमत नाही गं मी आता."

"मग चांगलंच की."

"दमत नाही, पण थकलोय. तुला कळतंय का मी काय म्हणतो ते?"

मी शेंगा सोलत राहिले.

"तुझ्या आईला सांगून बघ. माझं ऐकत नाही ती. आणि तो तर मला विचारतच नाही."

"कोण, बाबा?"

त्यांनी मागच्या खोलीकडे मान वळवली. बस.

मी आईला सांगितलं. हात जोडले. ती म्हणाली, "तुझे बाप आहेत, म्हणून तुला बोलता येतं. मला नाही येत." विषय संपला.

गेल्या महिन्यात आई गेली.

दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा गार झाली होती. बाबा तिच्या उशाशी बसले होते. तिचा हात आपल्या तापलेल्या हातात घेऊन. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी हंबरडा फोडला, तर त्यांनी मला हळूच थोपटलं.

"हिला लागली बघ झोप," म्हणाले.

त्यांच्या आवाजात दुःख होतं, असं सांगायला मला आवडलं असतं. हेवा होता. मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

दिवसभर बाबा उभे होते. लोकांना पाणी देत होते, खुर्च्या हलवत होते. मामा म्हणाला, "मेहुण्यांची कमाल आहे. केवढा धीर!"

लोक गेले. मी आणि बाबा मागच्या खोलीत आलो. ऊन जमिनीवर पसरलं होतं. इतके महिने एका सुरात चाललेला पंखा...

थांबला.

खुर्ची कुरकुरली. आम्ही दोघं उभे होतो. खुर्ची रिकामी होती. पाठ जराशी मागे झुकलेली.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मशीन आता माझं होतं. दादाने नव्याने विचारलं होतं.

मी "पुरे" म्हटलं. पंखा सुरू झाला. दुसऱ्या दुपारी पुन्हा थांबला. मी पुन्हा "पुरे" म्हटलं. तिसऱ्या दुपारी पुन्हा. आईचं एकदाच ऐकून तो थांबला होता. माझं उत्तर त्याला पुरत नाही, असं दिसतं. किंवा ते माझ्या मनातलं नाही, हे त्याला कळतं. लहानपणापासून माझं खोटं त्याने एका नजरेत पकडलंय.

रजा टाकून मी आता इथेच राहते. नवरा विचारतो, किती दिवस? काय सांगू त्याला?

पंखा थांबला की बाबा फक्त माझ्याकडे बघतात. ती नजर मला ओळखू येते. वॉर्डात शेवटच्या पलंगावरची माणसं अशी बघतात. "सिस्टर, आता सोडा ना." त्यांना मी काय करते, माहीत आहे? उशी सारखी करते आणि पुढच्या पेशंटकडे जाते.

दोनच शब्द आहेत. बंद कर. एवढं म्हटलं, की माझे वडील झोपतील. मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. दादा टेस्ट अर्धवट सोडणार नाही, पण मालकाच्या शब्दाबाहेरही जाणार नाही.

मी आई नाही. मी रोज लोकांना समजावते, की माणसाला जाऊ द्यावं. आईला मी किती बोलले त्यावरून.

हे लिहीत होते तेवढ्यात...

पंखा थांबलाय. खालचा रेडिओ ऐकू येतोय. खुर्ची कुरकुरली. बाबा स्टुलावर बसलेत, हात मांडीवर, आणि माझ्याकडे बघतायत. ओठ किंचित हलले. "सांग ना गं," असं म्हणाले बहुतेक.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. शपथ सांगते, होते.

"बाबा," मी म्हटलं, "जरा चहा ठेवता का?"

त्यांनी मांडीवरचे हात उचलून गुडघ्यांवर टेकवले. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

माझ्या मागे पंखा सुरू झाला. आधीपेक्षा जरा जोरात...